घटक ५ : एक की अनेक? सूर्यस्पर्शी धूमकेतूंचे कुळ आणि त्यांचे आगमन

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला,
१. 'धूमकेतू', 'केतू' आणि 'शेंडेनक्षत्र' या शब्दांमागील कल्पना सांगता येतील.
२. सूर्यस्पर्शी धूमकेतू कोठून येतात आणि इतके तेजस्वी का होतात, हे स्पष्ट करता येईल.
३. साम्य, एकरूपता आणि कुलसंबंध यांतील भेद उदाहरणांसह दाखवता येईल.
४. धूमकेतूच्या आगमनाविषयी काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, याचा विवेक करता येईल.

५.२ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण भाषाकुलाची संकल्पना अभ्यासली. मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली या भाषांतील शब्द शेजारी मांडले की एक मूळ रूप अंधुकपणे दिसू लागते, हे आपण पाहिले. ते मूळ रूप बोलणारा माणूस आपल्यापैकी कोणी ऐकलेला नाही; तरीही त्याच्याविषयी आपण पुराव्याने बोलतो. न पाहिलेल्या पूर्वजाविषयी पुराव्याने बोलण्याची ही रीत फक्त भाषाविज्ञानाची आहे काय? प्रस्तुत घटकात आपण तीच रीत आकाशात वापरलेली पाहणार आहोत.

विषय आहे सूर्याच्या अगदी जवळून जाणाऱ्या धूमकेतूंचा. त्यांतील काही इतके तेजस्वी झाले की भर दिवसा, सूर्यबिंब हाताने झाकून, लोकांनी ते नुसत्या डोळ्यांनी पाहिले. एकोणिसाव्या शतकात असे धूमकेतू थोड्याथोड्या वर्षांच्या अंतराने आले आणि खगोलशास्त्रज्ञांपुढे एक पेच उभा राहिला : हा एकच धूमकेतू पुनःपुन्हा येतो आहे, की हे वेगवेगळे आहेत?

५.३ नावांचा विचार

'केतु' या संस्कृत शब्दाचे जुने अर्थ तेज, खूण, ध्वज असे आहेत. 'धूमकेतु' म्हणजे धूर हाच ज्याचा ध्वज आहे तो. वेदांत हे विशेषण अग्नीला लावलेले आढळते. पुढे ते आकाशातील शेपटीवाल्या ज्योतीचे नाव झाले. मराठीत याच वस्तूला 'शेंडेनक्षत्र' असाही शब्द होता. पहिल्या शब्दाने ध्वज पाहिला, दुसऱ्याने शेंडी पाहिली. दोन्ही नावे डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावरून पडली आहेत. वस्तू कशाची बनली आहे, याविषयी ती काही सांगत नाहीत.

आता 'सूर्यस्पर्शी' हा शब्द घ्या. येथे 'स्पर्श' वाच्यार्थाने घ्यायचा नाही. हे धूमकेतू सूर्याच्या पृष्ठभागाला शिवत नाहीत. सूर्याभोवती जे विरळ पण अतितप्त आवरण असते, ज्याला 'किरीट' म्हणतात, त्यातून ते निघून जातात. साहित्यशास्त्राच्या भाषेत ही लक्षणा आहे. शास्त्रीय परिभाषेतही लक्षणा असते, एवढे येथे लक्षात ठेवावे.

'एक की अनेक' हा पेचही आपल्या परंपरेला नवा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त केतूंसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. त्यात तो निरनिराळी मते नोंदवतो : कोणी केतू एकशेएक मानतात, कोणी हजार मानतात, नारदमुनींच्या मते मात्र केतू एकच असून तो अनेक रूपांनी दिसतो. त्याच अध्यायाच्या आरंभी तो हेही मान्य करतो की केतूचे उदयास्त गणिताने जाणता येत नाहीत. या दोन विधानांकडे आपण पुढे परत येणार आहोत.

५.४ १८४३, १८८०, १८८२ : पेच कसा उभा राहिला

फेब्रुवारी १८४३ मध्ये एक धूमकेतू सूर्याजवळ भर दिवसा दिसला. २७ फेब्रुवारीला तो उपसूर्यबिंदूपाशी, म्हणजे आपल्या कक्षेतील सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी, होता. तेव्हा त्याचे सूर्यकेंद्रापासूनचे अंतर सुमारे ८,२७,००० किलोमीटर होते. सूर्याची त्रिज्याच सुमारे ६,९६,००० किलोमीटर असल्यामुळे सूर्यपृष्ठापासून तो जेमतेम १,३०,००० किलोमीटरवरून गेला. पृथ्वी आणि चंद्र यांच्यातील अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ही जागा आहे. त्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक होता.

फेब्रुवारी १८८० मध्ये दक्षिण गोलार्धातून दुसरा धूमकेतू दिसला. त्याची कक्षा मांडली, तेव्हा ती १८४३ च्या धूमकेतूच्या कक्षेशी जवळजवळ जुळली. साहजिकच अनेकांनी मानले की जुनाच धूमकेतू सदतीस वर्षांनी परतला आहे. डॅनिएल कर्कवुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने मात्र वेगळा विचार मांडला : हे दोन धूमकेतू एकाच पूर्वजाचे तुकडे असावेत.

लगेच सप्टेंबर १८८२ मध्ये त्याच वळणाचा तिसरा धूमकेतू आला आणि तो सर्वांहून तेजस्वी ठरला. १७ सप्टेंबरला केप ऑफ गुड होप येथून फिन्ले आणि एल्किन या निरीक्षकांनी तो सूर्यबिंबाच्या कडेला भिडेपर्यंत पाहिला. त्यानंतर तो बिंबासमोरून जात असताना त्यावर काळा ठिपका दिसायला हवा होता. तो दिसला नाही. याचा अर्थ, एवढे तेज फाकणाऱ्या धूमकेतूचा मूळ गाभा फारच लहान होता. पुढच्या काही आठवड्यांत त्या गाभ्याचे निदान चार तुकडे झालेले दुर्बिणीतून दिसले.

'एकच धूमकेतू' या मताचा आग्रह धरला, तर १८४३, १८८० आणि १८८२ या वर्षांमुळे त्याचा फेरा सदतीस वर्षांवरून अडीच वर्षांवर आला, असे म्हणावे लागले असते. म्हणजे तो लवकरच सूर्यात कोसळणार, असा निष्कर्ष निघतो आणि तशी भीतीही काहींनी बोलून दाखवली होती. ती भीती गणिताने दूर झाली.

५.५ हाइनरिश क्रॉइट्झ यांची मांडणी

जर्मनीतील कील येथील खगोलशास्त्रज्ञ हाइनरिश क्रॉइट्झ यांनी १८८८ ते १९०१ या काळात या धूमकेतूंच्या कक्षांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. १८८२ च्या धूमकेतूच्या तुकड्यांचे भ्रमणकाळ त्यांनी काढले, ते सुमारे पावणेसातशे ते साडेनऊशे वर्षे एवढे आले. इतक्या दीर्घ फेऱ्याचा धूमकेतू अडीच किंवा सदतीस वर्षांनी परतणे शक्य नाही. म्हणून हे धूमकेतू एक नव्हेत. पण त्यांच्या कक्षांची दिशा, कल आणि उपसूर्यबिंदू इतके जुळतात की ते एकमेकांना परकेही नव्हेत. ते एका कुळातले आहेत. या कुळाला आज 'क्रॉइट्झ कुल' म्हणतात.

तुमच्या ओळखीच्या उदाहरणाशी हे ताडून पाहा. मराठीत 'हात', हिंदीत 'हाथ', गुजरातीत 'हाथ'. येथे मराठी शब्द हिंदीतून आलेला नाही, हिंदी शब्द मराठीतून आलेला नाही. आणि या तीन भाषा म्हणजे एकच भाषाही नव्हे. प्राकृतातील 'हत्थ' आणि त्याआधीचे 'हस्त' या रूपांकडे तिन्ही बोट दाखवतात. 'सात' आणि 'सत्त', 'कान' आणि 'कण्ण' या जोड्यांतही तोच नियम दिसतो : जोडाक्षरातील एक व्यंजन गळते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. असा नियमितपणा योगायोगाने येत नाही.

परंतु प्रत्येक साम्य म्हणजे कुलसंबंध नव्हे. मराठी 'तूप' आणि कन्नड 'तुप्प' हे शब्द जवळचे आहेत, तरी दोन्ही भाषा एका कुळाच्या नाहीत. हे साम्य शेजाराचे आहे. धूमकेतूंच्या बाबतीतही अशीच सावधगिरी लागते. १६८० सालचा विख्यात धूमकेतू, ज्याच्या कक्षेचा उपयोग न्यूटनने आपल्या सिद्धांताच्या पुष्टीसाठी केला, तोही सूर्याच्या अगदी जवळून गेला होता. २०१३ चा 'आयसॉन' धूमकेतूही तसाच गेला. पण या दोघांच्या कक्षांची प्रतले निराळी आहेत. ते सूर्यस्पर्शी आहेत, क्रॉइट्झ कुळातले नाहीत. तेज किंवा सूर्याशी जवळीक हा कुळाचा पुरावा नव्हे. कक्षेची ठेवण हा पुरावा आहे.

या तुलनेची मर्यादाही नोंदवून ठेवू. भाषा एका क्षणी फुटून वेगळी होत नाही. तिचे वेगळेपण पिढ्यान्पिढ्या साचत जाते. धूमकेतूचा गाभा मात्र खरोखर फुटतो आणि तो फुटताना पाहताही येतो. दोन्हीकडे समान आहे ती पुराव्याची रीत.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
खालील विधाने चूक की बरोबर, ते कारणासह लिहा.
अ) सूर्याच्या जवळून जाणारा प्रत्येक धूमकेतू क्रॉइट्झ कुळातील असतो.
आ) १८८० चा धूमकेतू म्हणजे १८४३ चाच धूमकेतू होय, हे मत भ्रमणकाळाच्या गणितामुळे टिकले नाही.

५.६ उगम : ते कोठून येतात आणि का फुटतात

धूमकेतूचा गाभा बर्फ, गोठलेले वायू, धूळ आणि खडक यांचा बनलेला असतो. सूर्यमालेच्या जन्मकाळी उरलेला हा माल आहे. डच खगोलशास्त्रज्ञ यान ऊर्ट यांनी १९५० मध्ये असे प्रतिपादन केले की सूर्यमालेच्या फार दूरच्या सीमेवर अशा असंख्य पिंडांचा एक विस्तीर्ण मेघ आहे. जवळून जाणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने त्यांतील एखादा पिंड आपल्या जागेवरून ढळतो आणि सूर्याकडे निघतो. 'आयसॉन' असाच प्रथमच सूर्याजवळ आलेला धूमकेतू होता. क्रॉइट्झ कुळाचा पूर्वज त्याच प्रदेशातून कधी काळी आला असावा. त्याचे आजचे वंशज मात्र आखूड कक्षेत फिरतात. 'आखूड' हा शब्द येथे सापेक्ष आहे. त्यांच्या कक्षेचे दूरचे टोक पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या सुमारे दीडशे पट किंवा त्याहूनही दूर आहे. नेपच्यून सूर्यापासून तीस पट अंतरावर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे कल्पना येईल.

सूर्याजवळ येताच दोन गोष्टी घडतात. पहिली, गाभ्याच्या सूर्याकडील बाजूवर सूर्याची ओढ अधिक आणि पलीकडील बाजूवर कमी पडते. समुद्राला भरती-ओहोटी आणणारी प्रेरणा ती हीच. गाभ्याची बांधणी सैल असल्यामुळे ही ओढाताण त्याला फाडू शकते. दुसरी, प्रखर उष्णतेने बर्फाची एकदम वाफ होते आणि तिच्याबरोबर प्रचंड धूळ उधळली जाते. त्या धुळीवर सूर्यप्रकाश पडून धूमकेतू झळाळतो. १९६५ च्या 'इकेया-सेकी' धूमकेतूच्या वर्णपटात लोहासारख्या धातूंच्या वाफांच्या रेषाही सापडल्या. म्हणजे बर्फाबरोबर खडकांचीही वाफ होत होती. तेज आणि विनाश यांचे कारण अशा रीतीने एकच आहे.

मूळ पूर्वज कोणता? १९६७ मध्ये ब्रायन मार्सडेन यांनी १८८२ चा धूमकेतू आणि 'इकेया-सेकी' यांच्या कक्षा मागे मोजत नेल्या. बाराव्या शतकाच्या आरंभीच्या फेऱ्यात ते दोघे एकाच पिंडाचे भाग असावेत, असे त्यांना आढळले. इ.स. ११०६ च्या फेब्रुवारीत सूर्याजवळ भरदिवसा एक तेजस्वी धूमकेतू दिसल्याच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्या काळी मराठवाड्यावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती आणि शिलालेखांतील मराठी नुकती आकार घेत होती. पुढील अभ्यासकांत मात्र ११०६ चा धूमकेतू कोणत्या शाखेचा जनक मानावा, याविषयी मतभेद आहेत. त्याहूनही मागे, इ.स.पूर्व चौथ्या शतकातील एका महाधूमकेतूचा उल्लेख ॲरिस्टॉटलने केला आहे. तो धूमकेतू दुभंगला, असे एफोरस या ग्रीक इतिहासकाराने लिहिले. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने त्या साक्षीवर अविश्वास दाखवला. आज धूमकेतू फुटतात हे ठाऊक असल्यामुळे एफोरसचे म्हणणे अशक्य वाटत नाही. परंतु अशक्य नसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. जुना ग्रंथ वाचताना हा भेद नेहमी पाळावा.

५.७ आगमन : काय सांगता येते, काय सांगता येत नाही

क्रॉइट्झ कुळातील धूमकेतू आकाशाच्या ठरावीक भागातून येतात. तो भाग व्याधाच्या ताऱ्याजवळचा आहे. सूर्याला वळसा घालून ते जवळजवळ त्याच दिशेने परततात. या एका गोष्टीवरून, असा धूमकेतू आपल्या गावातून केव्हा आणि कोठे दिसेल, याचा अंदाज बांधता येतो.

उदाहरणासाठी हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूर घेऊ. हे गाव सुमारे साडेएकोणीस उत्तर अक्षांशावर आहे. येथून व्याध दक्षिणेकडे चांगला उंच, चोपन्न अंशांच्या आसपास चढतो. त्याच्या खालचा अगस्तीही क्षितिजापासून सुमारे अठरा अंश वर येतो. म्हणजे दक्षिणेकडून येणाऱ्या या पाहुण्यांसाठी युरोपातील कित्येक शहरांपेक्षा आखाडा बाळापूरचे अंगण अधिक सोयीचे आहे.

आता महिन्यांचा विचार करा. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात धूमकेतू सूर्याला वळसा घालून परतला, तर तो पहाटे आग्नेय दिशेला दिसेल. १८८२ आणि १९६५ चे धूमकेतू असेच दिसले. सोयाबीनच्या सुगीच्या दिवसांत भल्या पहाटे शेताकडे निघालेल्या माणसाला त्याची उभी शेपटी क्षितिजावर सहज दिसावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आला, तर सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येस दिसेल; १८४३ चा असा होता. जुलैच्या आरंभी मात्र सूर्य स्वतःच आकाशाच्या त्या बाजूला असतो. त्यामुळे साधारण मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असा धूमकेतू सूर्याच्या पलीकडून येतो आणि पलीकडेच परततो. पृथ्वीवरून तो प्रायः दिसत नाही. आपल्याकडे बहुतेक तोच ढगांचा काळ आहे.

दिशा सांगता येते, ऋतूनुसार जागा सांगता येते. वर्ष मात्र सांगता येत नाही. ज्या धूमकेतूंच्या कक्षा मोजल्या आहेत, ते आता दूर गेले आहेत. १८८२ च्या तुकड्यांचे पुनरागमन सव्विसाव्या ते एकोणतिसाव्या शतकांत केव्हातरी होईल. मधल्या काळात जे येतील, ते आपण कधीच न पाहिलेले भाऊबंद असतील. ते जवळ येऊन उजळेपर्यंत त्यांचा पत्ता लागत नाही. 'इकेया-सेकी' १८ सप्टेंबर १९६५ रोजी सापडला आणि २१ ऑक्टोबरला सूर्याजवळ पोहोचला. २७ नोव्हेंबर २०११ रोजी टेरी लव्हजॉय यांनी शोधलेला धूमकेतू १६ डिसेंबरला, अवघ्या एकोणीस दिवसांत, सूर्याशी पोहोचला.

पोहोचल्यावर त्याचे काय होईल, हेही निश्चित नसते. लव्हजॉय यांचा धूमकेतू सूर्यपृष्ठापासून सुमारे १,४०,००० किलोमीटरवरून जाणार असल्याने तो नष्ट होईल, अशी अपेक्षा होती. तो बाहेर पडला, त्याची लांब शेपटी दक्षिण गोलार्धातून दिसली, आणि गाभा मात्र काही दिवसांत विस्कटला. 'आयसॉन' शतकातील श्रेष्ठ धूमकेतू ठरेल, असा बोलबाला वर्षभर चालला. २८ नोव्हेंबर २०१३ रोजी सूर्याजवळ तो विरून गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये क्रॉइट्झ कुळातील 'ॲटलास' नावाचा धूमकेतूही सूर्यापाशीच संपला.

लहान तुकडे तर सतत येत असतात. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या 'सोहो' या अवकाशयानातील दुर्बीण सूर्यबिंब झाकून भोवतीचा किरीट टिपते. मार्च २०२४ पर्यंत तिच्या छायाचित्रांत पाच हजार धूमकेतू सापडले; त्यांतील बहुसंख्य क्रॉइट्झ कुळातील आहेत आणि बहुतेक सूर्याजवळच संपून जातात. विशेष हे की, यांतील बरेचसे धूमकेतू व्यावसायिक शास्त्रज्ञांनी नव्हे, तर घरी बसून ती खुली छायाचित्रे तपासणाऱ्या हौशी लोकांनी शोधले आहेत.

५.८ वराहमिहिराकडे पुन्हा

आता आरंभीच्या दोन विधानांकडे वळू. केतूचे उदयास्त गणिताने कळत नाहीत, हे वराहमिहिराचे विधान त्याच्या काळी सर्वच धूमकेतूंना लागू होते. हॅलीसारख्या नियमित परतणाऱ्या धूमकेतूंपुरते ते पुढे बदलले. क्रॉइट्झ कुळातील नव्या धूमकेतूंपुरते ते बऱ्याच अंशी आजही खरे आहे. 'एक की अनेक' या प्रश्नाचे उत्तर मात्र परंपरेतील दोन्ही पक्षांना थोडेथोडे न्याय देणारे निघाले : धूमकेतू अनेक आहेत, पण त्यांतील पुष्कळांचे मूळ एक आहे.

तरीही चिकित्सक वाचकाने एका विसंगतीची नोंद घ्यावी. केतू केव्हा येईल हे कळत नाही, असे सांगणारा हाच अध्याय केतू आल्यावर कोणत्या देशाचे आणि कोणत्या राजाचे काय होईल, याची फळे मात्र तपशिलाने देतो. जे मोजता येत नाही, ते मान्य करण्याचा प्रामाणिकपणा पहिल्या विधानात आहे. दुसऱ्या भागात तो सुटला आहे. भाकीत आणि अनुमान यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. अनुमान आपला पुरावा पुढे ठेवते आणि चुकल्यास स्वतःला दुरुस्त करते. 'आयसॉन'विषयीचा अंदाज चुकला, तेव्हा चूक कोठे झाली हे शोधता आले. फळे सांगणाऱ्या भाकिताला अशी दुरुस्ती ठाऊक नसते. उद्या एखाद्या पहाटे आग्नेयेस तेजस्वी शेपटी दिसली, तर गावात दोन्ही प्रकारचे बोल ऐकू येतील. त्या वेळी त्यांतला फरक समजावून सांगणारा सुशिक्षित माणूस तेथे असावा, हे या घटकाच्या अध्ययनाचे खरे प्रयोजन आहे.

५.९ सारांश

सूर्यस्पर्शी धूमकेतू सूर्याच्या किरीटातून जातात. १८४३, १८८० आणि १८८२ च्या धूमकेतूंच्या साम्यामुळे ते एकच असल्याचा समज झाला. क्रॉइट्झ यांनी दीर्घ भ्रमणकाळ आणि समान कक्षा यांच्या आधारे ते एका कुळातील असल्याचे दाखवले. सूर्याची ओढाताण आणि उष्णता यांनी पूर्वजाचे तुकडे झाले. त्यांच्या येण्याची दिशा ठाऊक आहे. येण्याचा काळ आणि टिकून राहणे मात्र आधी निश्चित सांगता येत नाही.

५.१० स्वयं-अध्ययन प्रश्नाचे उत्तर

प्रश्न १ : अ) चूक. १६८० चा धूमकेतू आणि 'आयसॉन' सूर्यस्पर्शी असूनही त्यांच्या कक्षांची प्रतले वेगळी आहेत. आ) बरोबर. भ्रमणकाळ कित्येक शतकांचा निघाल्यामुळे सदतीस वर्षांनी परतणे असंभव ठरले.

५.११ सरावासाठी स्वाध्याय

१. 'साम्य म्हणजे एकरूपता नव्हे आणि प्रत्येक साम्य म्हणजे कुलसंबंधही नव्हे.' भाषा आणि धूमकेतू या दोन्ही क्षेत्रांतील प्रत्येकी दोन उदाहरणे देऊन चर्चा करा.
२. 'सूर्यस्पर्शी' या संज्ञेतील लक्षणा उलगडून दाखवा. अशा आणखी तीन शास्त्रीय संज्ञा शोधा.
३. जयंत नारळीकर यांची 'धूमकेतू' ही कथा मिळवून वाचा. अनुमान आणि शांतिकर्म यांचा संघर्ष तीत कसा रंगवला आहे, यावर दीडशे शब्दांत लिहा.

५.१२ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा परिसरातील पाच वयोवृद्ध व्यक्तींना भेटा. धूमकेतूसाठी त्यांच्या बोलीत कोणता शब्द आहे, तो दिसल्याच्या आठवणी आणि समजुती कोणत्या आहेत, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. शब्द प्रमाण मराठीत बदलू नका. उच्चार जसा ऐकाल तसा लिहा. समजुतीची थट्टा न करता ती नोंदवा आणि प्रत्येक नोंदीपुढे हे भाकीत आहे की अनुमान, ते कारणासह लिहा.